पाय ब्रेकवर नव्हता

देवरेमामा गेल्याचं मला द्वारका चौकातल्या थांब्यावर कळलं. कंपनीची बस नेहमीप्रमाणे पावणेआठला आली, दार उघडलं, आणि मी पायरीवर पाय ठेवत असताना ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, देवरेमामा गेले. आज पहाटे, देवळ्यालाच. दुपारी बारापर्यंत उरकणार आहेत म्हणे.” मागे एसट्या आणि रिक्षा खोळंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. मी “अरे...” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बसले. बसमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी वर्षानुवर्षं घरून कामावर आणि कामावरून घरी नेलं होतं. चार-पाच जणांनी तिथेच ठरवलं, रजा टाकायची आणि एक गाडी करून देवळ्याला जायचं. एकाने मला विचारलं, “मॅडम, येता?” मी म्हणाले, “आज रिव्ह्यू आहे.” रिव्ह्यू होता हे खरं. पण तो मीच बोलावला होता, आणि एका फोनवर पुढे ढकलू शकत होते.

याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहिते असं मी आपण होऊन कळवलं तेव्हा संपादकांना वाटलं असेल, एका इंजिनिअरबाईला एका जुन्या ड्रायव्हरबद्दल कृतज्ञतेने चार शब्द लिहायचे आहेत. कृतज्ञता आहेच. पण लिहायला बसवलं ते शरमेने, आणि ती लपवून लिहिलं तर त्यांच्याबद्दल जे सांगायचं तेच राहून जाईल.

मी सत्त्याण्णव साली कंपनीत लागले. आमचं घर मखमलाबादच्या बाजूचं, वडिलांची फुलशेती. गुलाब, झेंडू, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. आमच्या भावकीत इंजिनिअर झालेली मी पहिली, आणि कंपनीच्या डिझाइन विभागात तेव्हा मी एकटीच बाई होते. मला घेतलं होतं एका नव्या कामासाठी. गाडी प्रत्यक्षात बनण्याआधीच ती हवेतून कशी जाईल, हवा तिला किती मागे ओढेल, ते कॉम्प्युटरवर काढायचं. मोठ्या परदेशी कंपन्या यासाठी पवनबोगद्यात गाडी उभी करून तिच्यावर वारा सोडतात. तसला बोगदा आमच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून गाडीचा आकार कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा, तिच्या भोवतालच्या हवेचे बारीक बारीक कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात हवेचा वेग आणि दाब किती, हे कॉम्प्युटरला सोडवायला लावायचं. एक गणित सुटायला आठ-आठ दिवस लागत. मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. विभागातले जुने लोक येता-जाता विचारायचे, “काय, उडाली का गाडी?” मी हसायचे. हसण्याशिवाय काही करण्याजोगी माझी जागा नव्हती. माझा पहिला आकडा खोटा ठरला तर हे कामही जाईल आणि मीही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

निंबा देवरे तेव्हा टेस्ट ड्रायव्हर होते. पन्नाशीला टेकलेले, अंगाने शिडशिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. देवळ्याची कांद्याची शेती भावांवर सोपवून ते ट्रक चालवायला बाहेर पडले आणि बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे लागले. खिशावर ‘टेस्ट ड्रायव्हर’ लिहिलेला बिल्ला असायचा, तो ते घरी जातानाही काढत नसत. गावाला जाताना तर मुद्दाम ठेवत. आपण ट्रक हाकणारे नाही, गाडीची परीक्षा घेणारे आहोत, याचा त्यांना फार अभिमान होता. परीक्षा घेणाऱ्याने स्वतः आधी सरळ असावं लागतं, असं त्यांचं मत होतं. वेगाची नोंद करताना काटा दोन रेघांच्या मधे असेल तर ते “मधी हाय” असंच सांगत. ओढूनताणून कुठल्या रेघेवर नेत नसत.

नव्या गाडीचं पहिलं चित्र माझ्या पडद्यावर आलं तेव्हा बघायला आलेल्यांत टिंगल न करणारे तेवढे तेच. निळ्या, हिरव्या, लाल रंगात हवेच्या रेषा गाडीवरून जाताना पाहून ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “ताई, खालून दाखवा की.” मी गाडी पडद्यावर उलटी केली. खालून ती सपाट होती, पाटासारखी. ते हसले. “हे तर ताट हाय! खालून गाडी लय घाण ऱ्हाते ताई. टाकी, सायलेन्सर, स्टेपनी, काय काय लटकत असतं.” मी त्यांना समजावलं की एवढं सगळं घेतलं तर कॉम्प्युटरला झेपत नाही, आणि खालच्या हवेने असा काही मोठा फरक पडत नाही. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं; स्वतः कधी तपासलेलं नव्हतं. “तुम्हाला ठावं,” ते म्हणाले आणि चहाला गेले.

गाडीचा पहिला नमुना तयार झाल्यावर माझ्या आकड्याची परीक्षा घ्यायची वेळ आली. पद्धत साधी होती. गाडी सपाट रस्त्यावर ठरलेल्या वेगाला न्यायची, न्यूट्रल करायची आणि तिची तिला मंदावू द्यायची. किती वेळात किती वेग उतरला यावरून तिला मागे ओढणारा जोर काढता येतो. टायरचा आणि रस्त्याचा वाटा वजा केला की उरतो तो हवेचा. यासाठी वारा पडलेला लागतो, म्हणून आम्ही नांदगावच्या अलीकडे एक सरळसोट रस्ता धरला होता आणि आदल्या दिवशी नांदगावात मुक्काम करून उजाडता उजाडता फेऱ्या सुरू करत होतो. एक फेरी जाताना, एक येताना, म्हणजे थोडा वारा असला तरी दोन्हींची सरासरी काढता यावी. देवरेमामा पुढे, मी मागच्या सीटवर मोजणीचं यंत्र मांडीवर घेऊन. गिअर न्यूट्रलला पडला की ते दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेत आणि मोठ्याने म्हणत, “पाय सोडले, ताई!” प्रत्येक फेरीला. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्या आवाजावर मी बटण दाबायला लागले. चार दिवस आम्ही फेऱ्या घेतल्या आणि चारही दिवसांचे आकडे इतके एकसारखे आले की कागदावर ठिपक्यांची एकच रेघ दिसत होती.

फक्त ती रेघ माझ्या रेघेच्या बरीच वर होती. कॉम्प्युटर म्हणत होता त्याहून हवा गाडीला खूप जास्त ओढत होती. टायरचा हिशेब मी तीनदा तपासला. ब्रेक कुठे घासतात का, ते गाडी उचलून चाकं हाताने फिरवून पाहिलं; चाकं मोकळी फिरत होती. मग बैठक झाली. आमचे विभागप्रमुख दातारसाहेब वाईट माणूस नव्हते. पण या नव्या कॉम्प्युटरसाठी वरच्यांशी भांडून मंजुरी आणलेली होती ती त्यांनी. त्यांनी दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या, चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला विचारलं, “ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर राहत असेल का? जुन्या ट्रकवाल्यांना सवय असते.”

मी मागच्या सीटवर बसलेली होते. चार दिवस, प्रत्येक फेरीला, “पाय सोडले” हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्यांचे गुडघे मागे येताना पाहिले होते. खोलीत आठ माणसं होती आणि सगळी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, “असू शकतं, सर.”

तेवढंच. नंतरच्या वर्षांत मी स्वतःशी पुष्कळ वकिली केली. ‘असू शकतं’ म्हणजे ‘आहे’ नव्हे, शास्त्रात कुठलीच शक्यता नाकारत नाहीत, निर्णय साहेबांचा होता... पण मी जे केलं ते मला त्या क्षणीही ठाऊक होतं. माझा आकडा वाचवायला मी त्यांचा पाय ब्रेकवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“ताई, तुम्ही मागं बसल्या व्हत्या ना?”

“हो, मामा.”

“मी दर फेरीला सांगायचो ना, पाय सोडले म्हणून?”

“हो.”

“मग साहेबांना तेवढं सांगा की. माझं ते ऐकत नाय.”

मी पडद्याकडे पाहत म्हणाले, “मामा, साहेबांनी ठरवलंय. त्यात मी काय बोलणार?”

“बरं,” ते म्हणाले आणि गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात दुसरा ड्रायव्हर घेऊन पुन्हा फेऱ्या झाल्या. त्या दिवशी उशीर झाला होता आणि वारा सुटला होता. पाठीवर वारा घेऊन आम्ही भरपूर फेऱ्या घेतल्या. वाऱ्याच्या तोंडावरच्या फेऱ्या दोनच झाल्या आणि ‘रहदारी वाढली’ म्हणून काम थांबवलं. आकडे खाली आले, माझ्या रेघेकडे सरकले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे गाडी बाजारात गेल्यावर गिऱ्हाइकं म्हणायला लागली की सांगितलं तेवढं ॲव्हरेज देत नाही. त्यावर आमच्या लोकांनी काय उत्तर द्यावं? ड्रायव्हर नीट चालवत नसतील.

देवरेमामांना टेस्टिंगमधून काढून स्टाफ बसवर टाकलं. पगार तोच राहिला. खिशावरचा बिल्ला तेवढा जमा करावा लागला. आणि बसचा मार्ग होता द्वारकेवरून, म्हणजे माझा. ज्या माणसाची जागा मी घालवली, त्याच्या बसमध्ये मी पुढची सात-साडेसात वर्षं रोज सकाळी चढले आणि रोज संध्याकाळी उतरले. पहिलं वर्षभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी चढले की नजर समोर. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे, जिथून आरशात त्यांचे डोळे दिसत नाहीत. एकदा मला द्वारकेला पोचायला मिनिटभर उशीर झाला. मी हात करत धावत होते, बस पुढ्यातच होती, आरशात त्यांनी मला पाहिलेलं मला दिसलं. आणि त्यांनी बस काढली. इतरांसाठी ते थांबायचे. मी तिथे धुळीत उभी राहिले आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. कुठेतरी थोडी फेड झाल्यासारखं. दुसऱ्या दिवशी दारात ते म्हणाले, “वेळ म्हंजे वेळ, ताई.” वर्षभरातलं ते पहिलं वाक्य.

दोन हजार साली आमच्याकडे नवा, मोठा कॉम्प्युटर आला. जुन्या गाडीवरच सुधारणा करायच्या होत्या, म्हणून तेच मॉडेल पुन्हा काढलं. आता जागा होती म्हणून मी गाडीच्या खालच्या बाजूला सगळं बसवलं. टाकी, सायलेन्सर, मागचा आस, स्टेपनी. ते करताना मला कोणाची आठवण झाली नाही. काम म्हणून केलं. गणित सुटलं त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. आकडा उडी मारून वर गेला होता. मी कपाटातून जुनी फाइल काढली आणि देवरेमामांच्या चार दिवसांच्या ठिपक्यांवर नवी रेघ ठेवली. ती त्या ठिपक्यांमधून गेली. जणू त्यांच्यासाठीच आखली होती.

मला काय वाटलं तेही लिहायला हवं. मला आनंद झाला. माझी पद्धत बरोबर ठरली, कॉम्प्युटर प्रत्यक्ष रस्त्याशी जुळला, या आनंदात मी दातारसाहेबांच्या केबिनपर्यंत जवळजवळ पळत गेले. तेही खूश झाले. “कुठल्या टेस्टचा डेटा हा?” त्यांनी विचारलं, आणि मी “नांदगावचा, पहिला” म्हणाले तेव्हा त्यांनी फाइल मिटली. ते म्हणाले, “ठीक आहे. रिपोर्टमध्ये ‘सुधारित मॉडेल’ म्हणा. जुनं उकरायला नको.” मी मान हलवली. संध्याकाळी बसमध्ये चढताना मात्र मी पायरीवर थांबले. देवरेमामा समोर पाहत होते. “मामा, तुमचे आकडे बरोबर होते.” एवढं वाक्य. पायरीवर उभं राहून म्हणता आलं असतं. मागचे लोक म्हणाले, “चला मॅडम,” आणि मी आत गेले.

त्या कामावर मी एक निबंध लिहिला आणि पुण्याच्या एका परिसंवादात वाचला. पडद्यावर माझी रेघ आणि तिच्यावर त्यांचे काळे ठिपके. ज्या फेऱ्या खोट्या म्हणून बाजूला टाकल्या होत्या, त्याच आता माझ्या खरेपणाचा पुरावा झाल्या होत्या. शेवटी आभारात दातारसाहेबांचं नाव होतं, कॉम्प्युटर विभागाचं होतं. प्रश्नोत्तरांत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उठले. त्यांचं आयुष्य रस्त्यावरच्या चाचण्या घेण्यात गेलेलं असावं. म्हणाले, “बाई, तुमचं सिम्युलेशन छान आहे, पण मला कौतुक वाटतं ते या ठिपक्यांचं. उघड्या रस्त्यावर इतकं एकसारखं मोजमाप मी क्वचित पाहिलंय. गाडी कोण चालवत होतं?”

नाव सांगायला यापेक्षा चांगली वेळ आली नसती. मी म्हणाले, “आमची टेस्ट टीम, सर.” टाळ्या झाल्या.

त्या निबंधावर माझी पुढची नोकरी उभी राहिली. बढत्या मिळाल्या, हाताखाली माणसं आली, दातारसाहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत मी बसले. देवरेमामांचा राग काळाने निवला. मला मुलगी झाली आणि रजेनंतर पहिल्यांदा बसमध्ये चढले तेव्हा त्यांनी पुढच्या सीटवरचा डबा उचलला आणि “हितं बसा, मागं लय हादरे बसतात” म्हणाले. तेव्हापासून मी पुढे बसू लागले. ते पोरांचं, कांद्याच्या भावाचं, देवळ्याच्या पाण्याचं बोलत. मी ऐकत असे. टेस्टिंगचा विषय त्यांनी काढला नाही. मी तर नाहीच. त्यांच्या चांगुलपणाने मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. न फेडता वापरलेल्या वस्तूसारखी ती पुढची सीट मला टोचत राहिली.

दोन हजार सहाला ते निवृत्त झाले. कँटीनमध्ये निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ झाला, आणि बसच्या प्रवाशांतर्फे मी बोलावं असं ठरलं. मी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. माझ्या एका मिनिटाच्या उशिराचा किस्साही सांगितला. लोक हसले, तेही हसले. मग ते उभे राहिले. “मी हितं टेस्ट ड्रायव्हर म्हणून लागलो व्हतो...” एवढं बोलून थांबले. कोणीतरी टाळी वाजवली, सगळ्यांनी वाजवली, आणि ते खाली बसले. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं, आणि खोलीत ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

त्यानंतर त्यांची भेट झाली ती गेल्या दिवाळीनंतर. देवळ्याला नात्यातलं लग्न होतं. देवरेमामा आजारी आहेत, दम लागतो, फिरणं बंद झालंय, असं बसमध्ये ऐकलं होतं. लग्नातून उठून मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावरच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. मला पाहून उठायला लागले. मामींनी पाणी आणलं. इकडचं तिकडचं झालं, आणि मग मी कसं कोण जाणे बोलून गेले, “मामा, ते नांदगावचे आकडे होते ना... ते बरोबर निघाले.”

ते माझ्याकडे पाहतच राहिले. “काय बरोबर निघाले?”

“तुमचे. चूक कॉम्प्युटरमध्ये होती. मी गाडीची खालची बाजू घेतली नव्हती.”

“कधी कळलं?”

हा प्रश्न येईल असं मला का वाटलं नव्हतं? त्यांचे डोळे इतके उघडे होते, इतके विश्वासाचे... मी म्हणाले, “आत्ताच, मामा. नवीन कॉम्प्युटर आलेत ना, त्याच्यात.”

त्यांना केवढा आनंद झाला! आत वळून त्यांनी मामींना घरच्या बोलीत हाक मारली, दम लागला तरी. “आयकं का व? मना पाय नव्हता ब्रेकवर! ताई सांगी ऱ्हायनी!” मामी दारात आल्या, पदराने डोळे पुसू लागल्या. तेव्हा मला कळलं की हा विषय या घरात कधी संपलेलाच नव्हता. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “तुमची चूक नव्हती ताई. मशीनच तसं व्हतं, तुम्ही तरी काय करणार?” मग जरा लाजत म्हणाले, “तेवढं कंपनीच्या कागदावर लिहून द्याल? दोन वळी. भाऊबंदांत लय झालं तेव्हा. ड्रायव्हरकी नीट येत नाय म्हणून काढला, म्हणायचे.” मी म्हणाले, “आठवड्यात पाठवते.”

मी पाठवलं नाही. विभागप्रमुख मीच होते, शिक्का माझ्या टेबलावर होता, मला कोणाची परवानगी नको होती. मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा तारखेपाशी अडले. खरी तारीख घातली तर मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले हे कागदावर येणार, आणि ज्या निबंधावर मी या खुर्चीत आहे त्याचा उगम उघडा पडणार. खोटी घातली तर खोट्यावर सही करायची. म्हणून पुढच्या आठवड्यावर टाकलं, मग त्याच्या पुढच्या. तीन-साडेतीन महिने असे गेले, आणि एका सकाळी द्वारकेला बसचं दार उघडलं.

ते गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी सगळं खरं लिहिलं. देवरे यांचे आकडे अचूक होते. त्यांच्यावर ठेवलेला ठपका चुकीचा होता. चूक माझी होती आणि ती मला दोन हजार सालीच कळली होती. खाली सही, शिक्का. रजा टाकून ते पाकीट घेऊन देवळ्याला गेले. ओट्यावरची खाट उभी करून ठेवली होती. मामी, त्यांची सून आणि मी आत सतरंजीवर बसलो. मामींना वाचता येत नाही. त्यांनी पाकीट सुनेच्या हातात दिलं. “काय लिखेल शे, वाच व.” सून वाचत गेली. ‘अचूक’ या शब्दाला मामींनी मान हलवली. दोन हजार साल आलं तशी सून थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात पुढचं वाचून संपवलं.

मामींना समजायला वेळ लागला नाही. “म्हंजे आठ वर्षं तुम्हाला ठावं व्हतं?”

“हो, मामी.”

“बसमधी बसायच्या तेव्हा बी?”

“हो.”

“आणि हितं आल्या, खाटेपाशी बसल्या, तेव्हा आत्ता कळलं म्हणाल्या.”

मामी रडल्या नाहीत, मला बोलल्याही नाहीत. त्यांनी तो कागद सुनेच्या हातून घेतला, घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला. “हा नको मला. ते गेले तेव्हा त्यांच्या मनात असं व्हतं की कोणी जाणूनबुजून केलं नाय, मशीनचं चुकलं. सुखानं गेले. आल्यागेल्याला तेच सांगायचे. आता मी ह्यो कागद घरात कसा ठेवू? दुसरा लिहून आणा. त्यांचं खरं व्हतं, एवढंच लिहा. तुमचं नका लिहू.”

मी म्हणाले, “मामी, मला ते कुठेतरी सांगायलाच हवं. नाहीतर...”

“मग पेपरात सांगा,” त्या म्हणाल्या. “त्यांचं नाव घालून सांगा. गावात ज्याला वाचायचं तो वाचंल. माझ्या घरात नको.” आणि उठून आत गेल्या. मी निघेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

गेल्या रविवारी मी दुसरं पत्र घेऊन गेले. दोनच ओळी आहेत, त्यांनी मागितल्या होत्या तेवढ्याच. सुनेने गावातून चौकट करून आणलेली होती. देवरेमामांच्या फोटोशेजारी ती टांगली, आणि दोन पावलं मागे होऊन तिने पत्र पुन्हा मोठ्याने वाचलं. शेवटी म्हणाली, “ताई, तारीख घालायची राहिली का?”

मी पेन काढायला पर्समध्ये हात घातला.

“राहू दे,” मामी आतून म्हणाल्या.